परसातला वाफा : दप्तराबाहेरची शेती

मराठवाड्याच्या शेतीचा इतिहास शोधणारा अभ्यासक प्रथम महसुली दप्तर उघडतो. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाची ते कळते आणि बारामध्ये पीक कोणते ते. घरामागचा परस मात्र गावठाणात पडतो. म्हणून ज्वारी, तूर, करडई कागदावर आली. कढीलिंब, पुदिना, गवती चहा, पानओवा आले नाहीत. एकदा लावले की वर्षानुवर्षे स्वयंपाकाला पुरणाऱ्या या झाडांची निगा मुख्यतः बायकांनी राखली. त्यांचे हे ज्ञानही नोंदीबाहेरच राहिले.

दप्तर गप्प असले, तरी नावे बोलतात. कढीलिंबाच्या नावातच त्याचा उपयोग आहे आणि कडुलिंबासारख्या दिसणाऱ्या पानाची खूणही. पुदिना हा शब्द फारसीतून आला. पानओव्याचे ओव्याशी नाते केवळ वासाचे. ओवा कोथिंबिरीच्या कुळातला, तर पानओवा तुळशीच्या. गवती चहाचे नाव तर चहाची ओळख झाल्यानंतरचेच असणार. एका वाफ्यात अशी वेगवेगळ्या काळांची नावे शेजारी नांदतात.

वाफ्याची घडणही पाहण्यासारखी आहे. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या आमच्या मुरूडच्या परिसरात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगून पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. हंगामी भाजी त्यातून निभावते. पण बारमाही झाडाला दोन्ही ऋतू सोसावे लागतात. साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात. त्यावर उपाय म्हणजे गादीवाफा : वीतभर उंच, कुजलेले शेणखत मिसळलेला, कडेला दगड-विटांचा आधार दिलेला. पानओवा आणि गवती चहा वर, ओल मागणारा पुदिना खालच्या सावलीच्या कडेला. कढीलिंबाचे झाड होते, म्हणून त्याला एका टोकाला जागा द्यायची आणि शेंडा खुडत राहायचे.

या वाफ्याला पाणी मिळे ते न्हाणीचे आणि भांडी घासल्याचे. त्यासाठी वेगळी घागर ओतावी लागत नसे. सांडपाणी सिमेंटच्या गटारात गेले, तसा परसाचा हा आधार तुटला. पुढे १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पिण्याच्या पाण्याचीच अशी मोजदाद सुरू असताना पुदिन्याला पाणी कोण घालणार?

दुष्काळाच्या इतिहासात पावसाचे आकडे, जळालेली पिके, छावण्यांतली जनावरे येतात. ताटातून नाहीसे झालेले पान येत नाही. ते कोठे लावले होते, रोप कोणाकडून आणले, पाणी कशाचे घातले, हे सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या अजून गावोगावी आहेत. या शेतीचे दप्तर म्हणजे त्यांची आठवण. ते लिहून घ्यायला आता फार उशीर करून चालणार नाही.