खाड्याचे पैसे : व्यावसायिक फुटबॉलची सुरुवात

आज विषय फुटबॉलचा आहे, पण वर्ध्यात बोलतोय म्हणून सुरुवात कापसापासून करू.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. तेव्हा हिंदुस्थानी कापसाला मागणी आली. त्यात आपल्या हिंगणघाटचा कापूस चांगल्या प्रतीचा म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांना नावानिशी ठाऊक होता. पैसे घेऊन फुटबॉल खेळणं रुजलं ते याच लँकेशायरमध्ये.

फुटबॉलचे नियम १८६३ मध्ये लंडनच्या असोसिएशनने बांधले. खेळणारे बहुतेक बड्या शाळांतून शिकलेले, खाऊनपिऊन सुखी. हौसेने खेळावं, पैशाला हात लावू नये, हे त्यांचं तत्त्व. ते त्यांना परवडतही होतं. गिरणी कामगाराचं काय? १८५० च्या कायद्यामुळे गिरण्या शनिवारी दुपारी दोनला सुटू लागल्या, म्हणून त्याला खेळायला अर्धा दिवस मिळाला. पण सामना परगावी असेल तर खाडा पडायचा, आणि खाडा पडला की मजुरी बुडायची. ती भरून द्यावी, एवढीच पहिली मागणी होती. आज आपण ज्याला व्यावसायिक खेळ म्हणतो, त्याचं मूळ या खाड्याच्या पैशांत आहे.

३१ मार्च १८८३ रोजी एफए कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिंपिकने ओल्ड इटोनियन्सला २–१ असं हरवलं. एका बाजूला ईटन शाळेचे माजी विद्यार्थी, तर दुसऱ्या बाजूला विणकर, प्लंबर, लोखंडाच्या कारखान्यातला कामगार. जादा वेळेत निर्णायक गोल केला जिमी कॉस्टलीने. तो गिरणीत सूत कातायचा. सामन्याआधी संघ सरावासाठी ब्लॅकपूलला राहिला होता, आणि तो खर्च एका कारखानदाराने उचलला होता.

पुढच्याच वर्षी प्रेस्टन संघाविरुद्ध तक्रार झाली. त्याचे चालक विल्यम सडेल स्वतः गिरणीचे व्यवस्थापक. आम्ही पैसे देतो, असं त्यांनी सरळ कबूल केलं. संघ स्पर्धेतून बाद झाला. मग उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी संघटना काढण्याची धमकी दिली, आणि २० जुलै १८८५ रोजी असोसिएशनला खेळाडूंचं मानधन मान्य करावं लागलं. १८८८ मध्ये बारा क्लबांची लीग सुरू झाली. त्यातले सहा एकट्या लँकेशायरचे! पहिल्या मोसमात प्रेस्टन एकही सामना हरला नाही. पण ब्लॅकबर्न ऑलिंपिकला वाढते पगार झेपेनात. १८८९ मध्ये तो क्लबच बंद पडला. आणि सडेल? १८९५ मध्ये गिरणीच्या पैशांची अफरातफर केल्याबद्दल ते तुरुंगात गेले.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप खेळला जाऊ लागला. सुरुवातीला लष्करी संघांचंच राज्य होतं. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला, तेव्हा प्रथमच भारतीय संघाच्या हाती करंडक आला. पुढे आपण वेगळी वाट काढली : खेळाचा पगार नाही, तर खेळाडूला नोकरी. रेल्वे, पोलीस, टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स. हजेरी कारखान्याची, घाम मैदानावरचा. यात एक मोठी गोष्ट होती, ती कमी लेखू नये : गुडघा गेला तरी चूल पेटत राही. पण मालकाने हात आखडला की संघ संपे. महिंद्रा युनायटेडने २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये तो संघ बंद झाला.

म्हणून ‘पैशाने खेळ बिघडला’ असं कोणी म्हणालं, तर आपण एक प्रश्न विचारावा. पैसे नव्हते, तेव्हा मैदानावर कोण होतं? आणि कोणाला येताच येत नव्हतं? उद्या हिंगणघाटचा एखादा मुलगा निवड चाचणीसाठी नागपूरला निघेल, तेव्हा त्याच्या घरी पहिला हिशोब त्या दिवसाच्या खाड्याचाच होईल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.