'बुत' या शब्दात दडलेला बुद्ध

मार्च २००१ मध्ये तालिबानने अफगाणिस्तानातील बामियानच्या दोन विशाल बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या. एक ५५ मीटर उंच, दुसरी ३८ मीटर. दगड फुटला, पण त्या मूर्तींची जुनी फारसी नावे शिल्लक आहेत : 'सुर्ख बुत' म्हणजे लाल बुत आणि 'खिंग बुत' म्हणजे फिकट रंगाचा बुत. सुमारे हजार वर्षांपूर्वी गझनीच्या दरबारातील उन्सुरी या कवीने याच नावाचे काव्य रचले होते.

'बुत' आपल्याला हिंदी-उर्दूतून ओळखीचा आहे. बुतपरस्त म्हणजे मूर्तिपूजक, बुतशिकन म्हणजे मूर्तिभंजक. मात्र हा शब्द मुळात 'बुद्ध' आहे. बौद्ध धम्माच्या ऱ्हासावरील लिखाणात बाबासाहेबांनी हे नेमके दाखवून दिले आहे. मूर्ती म्हणजे बुद्ध, असे समीकरण ज्या प्रदेशात रुजले तिथे बुद्धमूर्ती किती असतील? गंमत पाहा, सांचीच्या जुन्या शिल्पांत तथागतांची मूर्तीच नाही. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊलखुणा आणि रिकामे आसन एवढेच आहे. त्याच तथागतांचे नाव पुढे मूर्तीला पडले.

कोणी विचारेल, हे केवळ उच्चाराचे साम्य कशावरून नाही? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर पुराव्याने द्यायला हवे.

पहिला पुरावा भाषेचा. 'बुद्ध' जिथे गेला तिथे शेवटचा स्वर गळून असाच आखूड झाला. जपानीत 'बुत्सु', व्हिएतनामीत 'बुत'. व्हिएतनामच्या 'ताम आणि काम' या लोककथेत सावत्र आईच्या छळाने रडणाऱ्या मुलीला धीर देणारा म्हातारा हाच बुत. अरबीत शब्द झाला 'बुद्द'. आठव्या शतकात सिंधवर झालेल्या अरब स्वारीची हकिकत लिहिताना बलाजुरी हा इतिहासकार देबलच्या मंदिराला 'बुद्द' म्हणतो.

दुसरा पुरावा वाटेचा. हा शब्द व्यापारी आणि भिक्खूंच्या वाटेने मध्य आशियातून गेला. सातव्या शतकात ह्युएन त्संग बल्ख आणि बामियानला गेला होता. तिथले विहार आणि मूर्ती यांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. बल्खच्या विहाराचे नाव 'नौबहार', म्हणजे 'नव विहार'. खुरासान, इराण, इराकपासून सीरियाच्या सीमेपर्यंत पूर्वी श्रमणांचा धर्म होता, असे अल्-बिरुनी सांगतो. शब्द, वाट आणि लेखी नोंदी एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून हे नाते पक्के.

आता दुसरी बाजू. इंग्रजीतला 'बट' जुन्या इंग्रजीतील 'बाहेर, वगळून' या अर्थाच्या शब्दातून आला. पोलिश भाषेत 'बुत' म्हणजे पायातला बूट. हजारएक वर्षांपूर्वी भारतातून निघालेल्या आणि युरोपात पिढ्यान्‌पिढ्या छळ सोसलेल्या रोमा लोकांच्या भाषेत 'बुत' म्हणजे खूप. तो आपल्या 'बहुत'चा सख्खा भाऊ. यांपैकी एकाचाही बुद्धाशी संबंध नाही. आपल्या घरातलेच पाहा. 'भूत' हा 'भू' म्हणजे होणे या धातूपासून, 'पुतळा' हा 'पुत्तल'पासून आणि 'बुद्ध' हा 'बुध्' म्हणजे जागे होणे, जाणणे यापासून. ऐकायला जवळचे, कुळ मात्र वेगळे.

हे सांगायचे कारण आहे. व्हॉट्सॲपवर रोज एक नवी व्युत्पत्ती फिरते. जगातला कोणताही शब्द ओढूनताणून बुद्धाशी जोडला जातो आणि आपले तरुण तो अभिमानाने पुढे पाठवतात. विरोधक त्यातला एक खोटा दावा उचलतो आणि त्याच्या आडून आपला खरा इतिहासही थट्टेवारी नेतो. ज्यांचा इतिहास पुसला गेला त्यांना कच्चा पुरावा परवडत नाही.

दुसरा धोका अर्धवट उद्धरणाचा. 'बुत'विषयीचे बाबासाहेबांचे वाक्य काही जण फक्त मुसलमानांविरुद्ध वापरतात. इस्लामी आक्रमणाने बौद्ध धम्माचा घात केला हे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिले आहे, ते आम्ही लपवत नाही. पण प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांतीविषयीच्या लिखाणात त्यांनीच पुष्यमित्र शुंगाने केलेली प्रतिक्रांतीही मांडली आहे. ते पान दुमडून ठेवणाऱ्याने बाबासाहेबांचे नाव घेऊ नये.

म्हणून अभ्यासवर्गात शब्द समोर आला की तीन प्रश्न विचारू या : उच्चार कसा बदलला? शब्द कोणत्या वाटेने गेला? लेणी, शिलालेख, प्रवासवर्णने काय सांगतात? तिन्हींची उत्तरे मिळाली तरच बोलू. कालामांना तथागतांनी दुसरे काय सांगितले होते? ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून मानू नका. बुद्धाच्या नावाने आलेल्या मेसेजलाही हाच नियम लागू आहे.

जय भीम!