वाहतूक कॅमेरा

(हा लेख रस्त्यांची चालू स्थिती जनतेला दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांविषयी आहे. वेगमर्यादेचे किंवा सिग्नलचे उल्लंघन टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचा उल्लेख येथे केवळ तुलनेपुरता केला आहे.)

वाहतूक कॅमेरा म्हणजे महामार्ग, घाटरस्ते, पूल आणि प्रमुख चौक यांवर बसवलेला व तेथील रहदारीचे चालू दृश्य नियंत्रण कक्षाकडे पाठवणारा कॅमेरा होय. अनेक देशांतील रस्ते विभाग ही दृश्ये संकेतस्थळांवर आणि मोबाइल ॲपवर सर्वांसाठी खुली ठेवतात. त्यामुळे पुढच्या रस्त्यावर बर्फ, धुके, पाणी किंवा कोंडी आहे काय, हे वाहनचालकाला घरातून निघण्यापूर्वीच पाहता येते. हवामानाचा अंदाज पुढे काय होण्याची शक्यता आहे ते सांगतो, तर कॅमेरा त्या ठिकाणी आता काय आहे ते दाखवतो. निघावे, थांबावे की दुसरा मार्ग धरावा, हे ठरवताना दोन्हींचा एकत्रित उपयोग होतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्नोक्वाल्मी खिंड हे अशा वापराचे एक ठळक उदाहरण आहे.

## इतिहास

रस्त्यावरील रहदारीवर दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांनी लक्ष ठेवण्याचे प्रयोग १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात झाले. तेथील जॉन सी. लॉज द्रुतगती मार्गाच्या एका टप्प्यावर कॅमेरे बसवून त्यांची दृश्ये नियंत्रण कक्षात पाहिली जात. अपघात किंवा बंद पडलेले वाहन लवकर लक्षात यावे आणि रहदारीचे नियमन करता यावे, हा त्यामागील हेतू होता. पुढील काही दशके अशी दृश्ये प्रामुख्याने अभियंते व पोलीस यांच्यापुरतीच मर्यादित राहिली.

आंतरजालाच्या प्रसारानंतर ही स्थिती बदलली. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील कॉफीच्या भांड्यावर १९९१ मध्ये रोखलेला कॅमेरा १९९३ मध्ये वर्ल्ड वाइड वेबला जोडण्यात आला. भांड्यात कॉफी उरली आहे की नाही, हे जागेवरून न उठता कळावे, एवढाच त्याचा उद्देश होता. जाण्यापूर्वी पाहून घेण्याची हीच कल्पना पुढे रस्त्यांनाही लागू झाली. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने २००० साली प्रवासविषयक माहितीसाठी ५११ हा दूरध्वनी क्रमांक राखून ठेवला. आज अनेक राज्यांत याच क्रमांकाच्या नावाने चालणाऱ्या संकेतस्थळांवर कॅमेऱ्यांची दृश्ये पाहता येतात.

## रचना व कार्यपद्धती

कॅमेरा सामान्यतः उंच खांबावर, पुलाच्या कडेला किंवा रस्त्यावरील सूचनाफलकाच्या कमानीवर बसवलेला असतो. काही कॅमेऱ्यांची दिशा कायम असते, तर काही नियंत्रण कक्षातून वळवता येतात आणि दूरचे दृश्य जवळ आणू शकतात. शहरी भागात दृश्य प्रकाशतंतूच्या तारेतून, तर दुर्गम भागात मोबाइल जाळ्यातून पाठवले जाते. वीज न पोहोचलेल्या ठिकाणी सौर पट्ट्या व बॅटरी यांचा वापर होतो.

बोलीभाषेत या दृश्यांना 'लाइव्ह' म्हटले जात असले, तरी बहुसंख्य ठिकाणी सलग चित्रफीत नसून ठरावीक काळाने बदलणारे स्थिर छायाचित्र असते. हा काळ एका मिनिटापासून दहा-पंधरा मिनिटांपर्यंत असू शकतो. छायाचित्राच्या कडेला ते टिपल्याची वेळ छापलेली असते.

अनेक ठिकाणी कॅमेऱ्याशेजारी हवामान केंद्रही असते. हवेचे तापमान, वाऱ्याचा वेग, दृश्यमानता आणि डांबरी पृष्ठभागाचे तापमान यांची नोंद त्यात होते. हवेचे आणि पृष्ठभागाचे तापमान नेहमी सारखे नसते. निरभ्र रात्री रस्ता हवेपेक्षा अधिक थंड होऊन त्यावर पाणी गोठू शकते. त्यामुळे छायाचित्राइतकीच ही नोंदही महत्त्वाची मानली जाते.

## स्नोक्वाल्मी खिंड

स्नोक्वाल्मी ही कॅस्केड पर्वतरांगेतील खिंड सिअ‍ॅटलच्या पूर्वेस सुमारे ८० किलोमीटरवर असून तिची उंची सुमारे ९२० मीटर आहे. सिअ‍ॅटल ते बोस्टन असा देशाच्या आरपार जाणारा आंतरराज्य महामार्ग क्रमांक ९० या खिंडीतून जातो. राज्याचा पश्चिम व पूर्व भाग जोडणारा हा सर्वांत महत्त्वाचा रस्ता आहे. प्रशांत महासागरावरून येणारी दमट हवा या रांगेला अडून वर चढते व हिवाळ्यात तेथे मोठ्या प्रमाणावर हिमवर्षाव होतो. सिअ‍ॅटलमध्ये साधा पाऊस पडत असताना तासाभराच्या अंतरावरील खिंडीत रस्ता बर्फाखाली असणे ही नेहमीची बाब आहे. पूर्वेकडील थंड हवा खिंडीतून पश्चिमेकडे वाहू लागल्यास पावसाचे थेंब रस्त्यावर पडताच गोठतात. अशा वेळी बर्फ दिसत नसूनही रस्ता अत्यंत निसरडा असतो.

वॉशिंग्टन राज्याच्या परिवहन विभागाने या मार्गावर ओळीने कॅमेरे बसवले आहेत. पश्चिमेकडून चढताना डेनी क्रीक, फ्रँकलिन फॉल्स, खिंडीचा माथा आणि पलीकडील हायॅक येथील दृश्ये क्रमाने पाहिल्यास बर्फ कोठून सुरू होतो व कोठे संपतो, याचा अंदाज येतो. या दृश्यांसोबत विभाग तापमान, रस्त्याची स्थिती आणि लागू असलेले निर्बंधही प्रसिद्ध करतो.

हे निर्बंध पायरीपायरीने कडक होत जातात. प्रथम हिवाळी टायरची शिफारस केली जाते, त्यानंतर ते सक्तीचे होतात. स्थिती आणखी बिघडल्यास चारही चाकांना गती मिळणारी वाहने वगळता सर्वांना चाकांवर साखळ्या बांधाव्या लागतात. सवलत मिळालेल्या वाहनांनीही साखळ्या सोबत बाळगणे आवश्यक असते. १०,००० पौंडांहून (सुमारे ४,५०० किलोग्रॅम) अधिक वजनाच्या वाहनांना ठरावीक महामार्गांवर १ नोव्हेंबर ते १ एप्रिल या काळात हवामान कसेही असले तरी साखळ्या जवळ ठेवाव्या लागतात.

हिमस्खलनाचा धोका वाढल्यास रस्ता काही काळ बंद करून स्फोटकांच्या साहाय्याने साचलेला बर्फ मुद्दाम खाली पाडला जातो. जानेवारी २०२२ मध्ये जोरदार हिमवर्षावामुळे स्नोक्वाल्मीसह स्टीव्हन्स व व्हाइट या खिंडीही एकाच वेळी काही दिवस बंद होत्या. अशा वेळी दक्षिणेकडे कोलंबिया नदीच्या दरीतून जाणारा लांबचा मार्ग हा प्रमुख पर्याय उरतो.

## दृश्याचे वाचन

कॅमेऱ्याचे दृश्य पाहताना पुढील गोष्टी तपासल्या जातात.

- वेळ: छायाचित्रावरील वेळ जुनी असेल तर कॅमेरा किंवा त्याची जोडणी बंद पडलेली असू शकते. स्वच्छ रस्त्याचे तासाभरापूर्वीचे चित्र दिशाभूल करते.
- चाकोऱ्या: पांढऱ्या रस्त्यावर दोन काळ्या चाकोऱ्या दिसल्यास वाहने चालू आहेत, परंतु मार्गिका बदलताना बर्फ लागेल, असा अर्थ होतो. चाकोऱ्याही पांढऱ्या असल्यास बर्फ साचत आहे किंवा दबून घट्ट झाला आहे.
- चाकांमागील तुषार: वाहनांमागे पाणी उडत असेल तर रस्ता ओला आहे. रस्ता चकाकत असूनही तुषार उडत नसतील आणि तापमान शून्याच्या आसपास असेल, तर पारदर्शक बर्फाची शक्यता धरावी लागते.
- दूरच्या खुणा: एरवी दिसणारा पूल, फलक किंवा डोंगर दिसत नसेल, तर दृश्यमानता किती कमी झाली आहे हे कळते. यासाठी स्वच्छ दिवसाचे दृश्य आधी पाहिलेले असणे उपयोगी ठरते.
- दोन्ही बाजू: खिंडीच्या किंवा घाटाच्या दोन बाजूंचे हवामान वेगळे असल्याने केवळ माथ्याचे दृश्य पुरेसे नसते.

## मर्यादा

कॅमेरा फक्त त्याच्या समोरचा तुकडा दाखवतो. दोन कॅमेऱ्यांमधील वळणावर दरड कोसळली असेल, तर ती दिसत नाही. दूरचे दृश्य जवळ आणणाऱ्या भिंगातून वाहने एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात व कोंडी आहे त्यापेक्षा मोठी भासते. भिंगावर बर्फ किंवा पाणी साचणे, रात्री समोरच्या दिव्यांमुळे चित्र पांढरे पडणे आणि वादळात वीज जाणे हे नेहमीचे अडथळे आहेत. कॅमेऱ्यांची सर्वाधिक गरज असते त्याच वेळी ते निकामी होण्याचा संभव असतो.

निघतानाची स्थिती वाटेत टिकेलच असेही नाही. जानेवारी २०२२ च्या आरंभी व्हर्जिनिया राज्यात आंतरराज्य महामार्ग क्रमांक ९५ वर अचानक वाढलेल्या हिमवर्षावामुळे मालमोटारी आडव्या झाल्या आणि शेकडो वाहने अडकली. काही प्रवाशांना २४ तासांहून अधिक काळ वाहनातच काढावा लागला. म्हणून कॅमेरे अनुकूल दिसत असले, तरी हिवाळी प्रवासात पांघरूण, पाणी, अन्न आणि पुरेसे इंधन सोबत ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

दृश्ये पाहण्याचे काम निघण्यापूर्वी किंवा वाहन थांबवून करणे अपेक्षित आहे. वॉशिंग्टन राज्यात २०१७ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार वाहन चालवताना, अगदी सिग्नलला थांबलेले असतानाही, मोबाइल हातात धरण्यास मनाई आहे.

## खाजगीपणा

सार्वजनिक दृश्यांची स्पष्टता सहसा इतकीच ठेवली जाते, की रहदारी समजावी पण चेहरे व वाहन क्रमांक वाचता येऊ नयेत. गंभीर अपघाताच्या ठिकाणचे दृश्य अनेक विभाग तात्पुरते बंद करतात किंवा कॅमेरा दुसरीकडे वळवतात. वॉशिंग्टनच्या परिवहन विभागासह काही संस्था ही दृश्ये साठवून ठेवत नाहीत. त्यामुळे अपघातानंतर पुरावा म्हणून चित्रण मिळेल, ही अपेक्षा तेथे पूर्ण होत नाही.

## इतर देश

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताची 'ड्राइव्ह बीसी' ही सेवा पर्वतीय महामार्गांची दृश्ये दाखवते. फिनलंडमध्ये रस्त्यांवरील हवामान कॅमेऱ्यांची छायाचित्रे मुक्त विदा म्हणून उपलब्ध असल्याने इतरांनाही त्यांवर आधारित ॲप तयार करता येतात. आइसलँड व नॉर्वे येथील रस्ते प्रशासनेही डोंगराळ रस्त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध करतात.

## भारत

भारतात महामार्गांवरील कॅमेऱ्यांचा वापर प्रामुख्याने नियमभंग टिपून ई-चलन पाठवण्यासाठी आणि नियंत्रण कक्षातील देखरेखीसाठी होतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये सुरू झालेली बुद्धिमान वाहतूक व्यवस्थापन प्रणाली याच प्रकारची आहे. वाहनचालक रहदारीसाठी बहुधा मोबाइलवरील नकाशांवर अवलंबून असतात. हे नकाशे वाहनांच्या वेगावरून कोंडी दाखवतात, मात्र धुके किंवा रस्त्यावरील पाणी त्यांतून प्रत्यक्ष दिसत नाही.

बोरघाटात पावसाळ्यात दाट धुके व दरडी यांचा धोका असतो. जुलै २०१५ आणि जुलै २०२३ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून द्रुतगती मार्गावरील वाहतूक विस्कळीत झाली होती. खिंडीतील बर्फाप्रमाणेच घाटातील धुके व दरडी यांचीही माहिती पायथ्याशी पोहोचण्यापूर्वी मिळाल्यास चालकाला परत फिरण्याची किंवा थांबण्याची संधी मिळते.

## हेही पहा

- बोरघाट
- मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग
- कॅस्केड पर्वतरांग
- हिमस्खलन