कॅसिनो काढला, खूण राहिली

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात.

२००७ सालची गोष्ट. मी चौथीत, दादा दहावीत. मिरजेच्या आमच्या घरी हॉलमध्ये विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर होता. एका संध्याकाळी बाबांनी तो चालू केला, तर डेस्कटॉपवर नवा आयकॉन. दोन लाल फासे आणि खाली लिहिलेलं 'कॅसिनो'. दादा म्हणाला, "मी नाही टाकलं." त्याच्या थोबाडीत बसली आणि बोर्डाची परीक्षा होईपर्यंत नेट बंद झालं. शेजारच्या मुलाने तो प्रोग्रॅम काढून टाकला. बाबांच्या मनातून मात्र तो गेला नाही.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क सापडली. राहवतंय कुठे! लॅपटॉपला जोडली आणि रजिस्ट्री उघडली. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचं तलाठी दप्तर. कोणता प्रोग्रॅम कुठे आहे, त्याची सेटिंग्ज काय, सगळं तिथे. सतरा-अठरा वर्षांपूर्वी काढलेल्या त्या कॅसिनोची नोंद तिथे शाबूत होती. आत फक्त एक आकडा होता. हा आकडा कुठून आला, ते कळायला १९९४ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा आणि बार्बुडा या छोट्या देशाने कायदा करून ऑनलाइन जुगाराच्या कंपन्यांना परवाने द्यायची वाट मोकळी केली. आणि अमेरिकेत नेटस्केप कंपनीत लू माँटुली या इंजिनिअरने कुकी बनवली. कुकी म्हणजे वेबसाइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली चिठ्ठी. तुम्ही परत आलात की साइट ती वाचते आणि तुम्हाला ओळखते. ऑनलाइन दुकानाला गिऱ्हाइकाची पिशवी लक्षात राहावी, इतकाच साधा हेतू होता. पुढच्याच वर्षी विंडोज ९५ आलं आणि रजिस्ट्री घरोघरी पोचली.

१९९६ पर्यंत इंटरकॅसिनोसारखे खऱ्या पैशांचे कॅसिनो नेटवर सुरू झाले. पण नेट होतं डायल-अप. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर १ एमबी उतरवायला अडीच मिनिटं लागायची. पत्ते, चाकं, आवाज दर वेळी नेटवरून कोण आणणार? म्हणून कॅसिनोवाले अख्खा प्रोग्रॅमच डाउनलोड करायला द्यायचे. तुमच्या कॉम्प्युटरवर त्यांचा पाय पडला तो असा.

आता तो आकडा. कॅसिनोची जाहिरात करायला अॅफिलिएट असायचे, म्हणजे गिऱ्हाईक आणून देणारे दलाल. त्यांच्या साइटवरून कोणी आलं आणि खेळलं, की त्या माणसाने हरलेल्या पैशांतला ठरावीक हिस्सा दलालाला मिळायचा. कित्येकदा तो माणूस खेळत असेपर्यंत. मग हे गिऱ्हाईक कुणाचं, हे लक्षात ठेवणं आलंच. लिंकवर क्लिक केलं की दलालाचा नंबर कुकीत, तिथून इन्स्टॉलरमध्ये, तिथून रजिस्ट्रीत. अनइन्स्टॉल केलं तरी अनेकदा नंबर मागे राहायचा. त्याचा दुसराही उपयोग होता. नव्या खेळाडूचा बोनस एका घरात एकदाच मिळायचा, तेव्हा हा कॉम्प्युटर आधी येऊन गेलाय का, तेही कळायचं. पोकरवाल्या खेळाडूंना हे पक्कं माहीत होतं. कमिशनचा काही भाग परत देणाऱ्या साइट्स त्यांना आधीच बजावायच्या, नोंदणीपूर्वी कुकीज पुसून या.

थोडक्यात, खूण तुमच्या घरात, पण हिशोब दुसऱ्याचा.

दलाल वाढले तसा उतावळेपणाही वाढला. फुकटच्या प्रोग्रॅमच्या पोटात दुसरेच प्रोग्रॅम घालून पाठवायची चाल रूढ झाली. लोक इतके वैतागले की २००० साली स्टीव्ह गिब्सन याने असली घुसखोरी हुडकणारं ऑप्टआउट काढलं. त्याच सुमारास अॅड-अवेअर आणि स्पायबॉटही आले. नेट कॅफेत बसला असाल तर ही नावं आठवतील.

पण खुणा नेहमी गिऱ्हाइकावरच उलटतात असं नाही. सप्टेंबर २००७ मध्ये अॅब्सोल्युट पोकर या साइटवर एक खेळाडू समोरच्याचे पत्ते दिसत असल्यासारखा जिंकला. हरलेल्याने कंपनीकडे डावांची नोंद मागितली. कंपनीने एक्सेल फाइल धाडली, आणि तिच्यात सगळ्यांचे झाकलेले पत्ते, आयपी अॅड्रेस, टेबल नुसतं बघत बसलेल्या खात्यांचे नंबरसुद्धा होते. खेळाडूंनी ती ओळीओळीने तपासली. बघ्यांमधल्या ३६३ नंबरच्या खात्यावरून माग कंपनीच्याच आतल्या माणसांपर्यंत पोचला. जानेवारी २००८ मध्ये कॅनडातल्या कानावाके गेमिंग कमिशनने कंपनीला ५ लाख डॉलर दंड केला.

म्हणून नोंद दिसली की मी आधी विचारतो, ही कुणी लिहिली आणि कशासाठी?

आमच्या डिस्कवर विंडोजने स्वतःसाठी लिहिलेली एक नोंदही होती, यूजरअसिस्ट. तुम्ही डबल-क्लिक करून कोणते प्रोग्रॅम किती वेळा उघडले, याची ती यादी. त्यात नावं इंग्रजी अक्षरं तेरा घरं पुढे सरकवून लिहिलेली असतात. कॅसिनो हा शब्द तिथे 'पी-एन-एफ-व्ही-ए-बी' असा दिसला असता. मी सगळी यादी पाहिली. बाबांचा सॉलिटेअर होता, भरपूर वेळा. कॅसिनो एकदाही नाही. कोर्टात चालेल असा हा पुरावा नव्हे, आपोआप सुरू झालेला प्रोग्रॅम या यादीत येत नाही. पण आयकॉनवर कुणी बोट ठेवल्याची खूण नव्हती.

मग मी कॅसिनोच्या त्या नोंदीवरची वेळ बघितली. रजिस्ट्रीतली वेळ युटीसीत असते, त्यात साडेपाच तास मिळवले. गुरुवार, दुपारी ४ वाजून १६ मिनिटं. दादा तेव्हा क्लासला असायचा. आणि बरोबर दोन मिनिटं आधी एक फोल्डर तयार झालेलं. फुकटचा क्रिकेट स्क्रीनसेव्हर. तो मी उतरवला होता. 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत.

आज फोनमध्ये रजिस्ट्री नाही. पण प्ले स्टोअरवरून घेतलेलं अॅप तुम्ही कोणत्या लिंकवरून आलात हे विचारू शकतं, त्याला इन्स्टॉल रेफरर म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. उद्या घरात कुणाच्या फोनवर असलं काही दिसलं, तर हात उचलण्याआधी विचारा, हे आलं कुठून?

बाबांना मी स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वेळ दोनदा वाचली. म्हणाले, "त्याला फोन लाव." मी लावला आणि बाहेर गेलो. ते बोलणं मी रेकॉर्ड केलेलं नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.