राडारोडा कुणाच्या दारात? महाडच्या ठरावापासून देवनारच्या डोंगरापर्यंत

महाड नगरपालिकेने १९२४ साली एक ठराव केला : चवदार तळे अस्पृश्यांसह सर्वांना खुले आहे. आदल्या वर्षी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता, त्याचीच ही अंमलबजावणी. कागद चोख होता. पण त्या कागदाच्या भरवशावर तळ्यात ओंजळ घालायची कुणाची हिंमत झाली नाही, इतकी गावची दहशत होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले. पुढे सवर्णांनी दूध, दही, शेण, गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करून घेतले. ४ ऑगस्टला पालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडले.

हे सगळे आपल्याला पाठ आहे. पण नगरपालिकेच्या कारभाराचा इतिहास म्हणून आपण ते क्वचितच वाचतो. त्या १०८ घागरी म्हणजे आजच्या सरकारी भाषेत प्रदूषण निवारणाचा आराखडाच होता. प्रदूषण कशाला म्हणायचे ते सवर्णांनी ठरवले, उपायही त्यांनीच ठरवला आणि ज्यांच्या जगण्याचा प्रश्न होता त्यांना कुणी विचारले नाही. आज मोठ्या इमारतीच्या परवानगीला 'पर्यावरण व्यवस्थापन आराखडा' जोडावा लागतो. त्यात कुणालाही अस्पृश्य म्हटलेले नसते. पण विचारायचे कुणाला आणि कुणाला नाही, ही जुनी सवय त्यात शाबूत आहे, असे आमचे म्हणणे आहे.

१९२७ हेच साल मुंबईतल्या आणखी एका जागेला चिकटलेले आहे. देवनारचे डम्पिंग ग्राउंड अधिकृत कागदांत १९२७ पासूनचे सांगितले जाते. खरी गोष्ट त्याहून जुनी. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली, तेव्हा रोग घाणीतून येतो म्हणून घाण शहराबाहेर न्यायचे ठरले. देवनारची दलदल घेतली गेली आणि १८९९ पासून कचऱ्याची रेल्वेगाडी तिकडे धावू लागली. शहर स्वच्छ झाले म्हणजे कचरा नाहीसा झाला असे नव्हे, तो हलवला गेला. पुढे १९७० च्या दशकात शहरातल्या झोपडपट्ट्या उठवून त्याच डोंगराच्या पायथ्याशी, शिवाजीनगर-बैंगनवाडीत, माणसे आणून बसवली गेली. दलित, मुस्लिम, दुष्काळातून आलेली, पोटासाठी आलेली. आधी कचरा गेला, मागोमाग माणसे गेली. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व विभाग शहरात तळाला दिसला, त्यात नवल काय? गावकुसाबाहेरची जागा ठरवायला मनू लागत नाही, नगररचना विभागही पुरतो.

जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनार पेटले. धूर दूरवर पसरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि कचऱ्याचा प्रश्न अचानक अख्ख्या मुंबईचा झाला. पायथ्याशी राहणाऱ्यांनी तो धूर त्याआधी वर्षानुवर्षे गिळला होता. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी उच्च न्यायालयाने सांगितले की घनकचऱ्याचे नियम पाळले जात नाहीत, तोवर मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देऊ नका. पुनर्विकास वगैरेंना सूट होती, तरी हा आदेश मोठा होता. बांधकामाची परवानगी आणि देवनारचा डोंगर यांचे नाते न्यायालयाने उघड मांडले. बिल्डरांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. मार्च २०१८ मध्ये तिथे बंदी सशर्त उठली : राडारोडा देवनार-मुलुंडला टाकायचा नाही, तो कुठे नेणार ते आधी सांगायचे, त्यासाठी बँक गॅरंटी द्यायची. तेव्हापासून राडारोडा व्यवस्थापनाचा आराखडा हा मुंबईत परवानगीचा महत्त्वाचा कागद झाला. (या शहरात इमारतीच्या परवानगीला 'आयओडी' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'नापसंतीची सूचना'. अटी पाळा, मग पसंत. ब्रिटिशांचा विनोद अजून चालू आहे.)

आता आराखड्यात काय विचारतात ते बघा. २७ जानेवारी १९९४ ची पहिली पर्यावरण आघात अधिसूचना आली, तेव्हा साध्या इमारती तिच्या कक्षेत नव्हत्या. मोठी बांधकामे २००४ मध्ये आत आली आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांना पूर्वमंजुरी सक्तीची केली. त्याच अधिसूचनेने बांधकाम व टाउनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले. म्हणजे कारखान्यासाठी, खाणीसाठी गावाला निदान तंबूत बसवून ऐकण्याचा देखावा होतो. टॉवरसाठी तेवढाही नाही. बांधकामासाठी भरायचा नमुना १-अ आम्ही मुद्दाम वाचला. पाणी, झाडे, धूळ, ऊर्जा हे सगळे त्यात आहे. बांधकामाने कुणाचे निसर्गदृश्य अडेल का, असा प्रश्न आहे. पवित्र स्थळांना बाधा येईल का, हेही आहे. उचललेली माती आणि फोडलेल्या भिंती ज्या वस्तीच्या कडेला जाऊन पडतील, तिथे कोण राहते, हा प्रश्न नाही. जातीचा रकाना तर नाहीच. आराखडा प्लॉटच्या कंपाउंडपाशी संपतो, धूळ पुढे जाते.

कुणी म्हणेल, धुळीला कुठे जात असते? धुळीला नसते, पत्त्याला असते. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी हेच दाखवून दिले. नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरेन काउंटीत काळ्यांच्या वस्तीजवळ पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेली माती पुरायचे ठरले, तेव्हा १९८२ साली लोक ट्रकपुढे रस्त्यावर आडवे झाले, पाचशेवर अटका झाल्या. पुढे ११ फेब्रुवारी १९९४ ला क्लिंटन यांनी आदेश काढला की सरकारी निर्णयाचा घातक भार अल्पसंख्य आणि गरिबांवर जास्त पडतो का, ते तपासावे. आपल्या पहिल्या अधिसूचनेनंतर अवघ्या पंधरा दिवसांनी. तिकडे वंश हा पर्यावरणाचा विषय झाला, इकडे जात झाली नाही. तो आदेशही जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी रद्द केला. पण तीस वर्षे तो प्रश्न सरकारी कागदावर होता.

माहुलचे उदाहरण तर अजून ताजे आहे. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या हटवल्या गेल्या, शहराचे पिण्याचे पाणी सुरक्षित राहावे म्हणून. हेतूला नावे ठेवता येत नाहीत. पण त्या कुटुंबांना पाठवले कुठे? तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, माहुलला. तिथल्या हवेपासून आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच नोंदवले होते. माणसे त्यानंतरही पाठवली गेली. शेवटी महिनोन्महिने रस्त्यावर बसलेल्या बायांनी आणि न्यायालयीन लढ्याने २०१९ मध्ये उच्च न्यायालयाकडून आदेश मिळवला : माहुलची सक्ती करू नका, नाहीतर भाड्यासाठी दरमहा १५,००० रुपये द्या. शहराच्या पर्यावरणासाठी कुणाच्या फुफ्फुसांची किंमत मोजायची, हे त्या बायांनी न्यायालयात विचारायला लावले.

आपल्याकडे पर्यावरण म्हटले की फ्लेमिंगो आणि आरेची झाडे, असे समजून आपले कार्यकर्ते बाजूला होतात. आरेची झाडे वाचायलाच हवीत. पण आराखड्याची फाइल उघडायला पर्यावरणप्रेमींची वाट बघण्याचे कारण नाही. २००६ च्या अधिसूचनेनुसार मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक कागद आहे. आपल्या वॉर्डात चालू असलेल्या एका मोठ्या बांधकामाचा अहवाल मिळवा, राडारोड्याचा आराखडा माहिती अधिकारात मागा, त्यात लिहिलेल्या टाकण्याच्या जागेवर स्वतः जाऊन उभे राहा, आणि तिथल्या बायांना विचारा की रात्री किती गाड्या येतात.