व्हर्च्युअल मशीन: अधिकृत आराखड्याबाहेर जन्मलेली कल्पना

१/
सर्व्हरवर नवे व्हर्च्युअल मशीन उभे करणे हे आज मिनिटभराचे काम झाले आहे. नाव द्यायचे, मेमरी आणि डिस्क किती ते सांगायचे, सुरू करायचे. प्रत्यक्षात नसलेला एक संगणक चालू लागतो. हे सारे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक यातल्या बहुतेक कृती १९६७ साली अमेरिकेतील केंब्रिज शहरात, आयबीएमच्या एका छोट्या कार्यालयात नित्य होत होत्या. आणि खुद्द आयबीएमने आपला डाव भलत्याच घोड्यावर लावला होता. आजचा धागा त्याविषयी.

२/
१९६०च्या आसपास संगणक वापरणे म्हणजे पंच कार्डांचा गठ्ठा खिडकीत देऊन येणे आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापील निकाल आणायला जाणे. एखादा स्वल्पविराम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांनी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. अनेक जण आपापल्या टर्मिनलवर बसून एकच संगणक एकाच वेळी वापरू शकत होते. या पद्धतीला टाइम-शेअरिंग म्हणत.

३/
७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टीम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. कंपनीचे सारे भवितव्य तिच्यावर लागले होते. परंतु प्रोग्रामने मागितलेला मेमरीतील पत्ता ऐन वेळी दुसऱ्या खऱ्या पत्त्यावर वळवण्याची सोय तिच्यात नव्हती, आणि टाइम-शेअरिंगवाल्यांना नेमकी तीच हवी होती. एमआयटीने आपल्या पुढील प्रकल्पासाठी जनरल इलेक्ट्रिकचे यंत्र निवडले. बेल लॅब्जनेही तेच केले. हा घाव जिव्हारी लागला. आयबीएमने मॉडेल ६७ हे नवे यंत्र आणि त्यासाठी टीएसएस/३६० ही भव्य प्रणाली जाहीर केली, आणि तिच्यामागे प्रोग्रामरांची मोठी फौज उभी केली.

४/
त्याच काळात नॉर्मन रासमुसेन यांच्या देखरेखीखाली आयबीएमचे ‘केंब्रिज सायंटिफिक सेंटर’ सुरू झाले होते. पत्ता ५४५ टेक्नॉलॉजी स्क्वेअर. एमआयटीचा टाइम-शेअरिंग प्रकल्पही त्याच इमारतीत. सीटीएसएसवर काम केलेले रॉबर्ट क्रीझी आता या सेंटरमध्ये होते. १९६४च्या अखेरच्या आठवड्यात त्यांनी आणि लेस कोमो यांनी एक वेगळाच आराखडा मांडला: एक अवाढव्य प्रणाली लिहून ती सर्वांत वाटण्यापेक्षा, प्रत्येकाला एकेक संपूर्ण सिस्टीम/३६० देऊन टाकू. अर्थात खोटी.

५/
कामाची विभागणी अत्यंत सुटसुटीत होती. ‘सीपी’ हा नियंत्रक यंत्राची वाटणी करणार, बाकी काही नाही. ‘सीएमएस’ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम एकाच माणसाची सेवा करणार. शेजारी आणखी कोणी आहे हे तिला ठाऊकच नसणार. वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला अख्खा वाडा आपलाच वाटावा, तसे. माझ्या मते या कल्पनेचे सारे बळ या विभागणीत आहे. टीएसएसने दोन्ही ओझी एकाच खांद्यावर घेतली आणि त्याखाली ती वाकली.

६/
हे साधते कसे? प्रोसेसरच्या काही आज्ञा विशेषाधिकाराच्या असतात: डिस्क हलवणे, मेमरीची राखण बदलणे इत्यादी. सीपी प्रत्येक खोट्या यंत्राला सामान्य अधिकारात चालवी. त्या यंत्राने अशी आज्ञा दिली की खरा प्रोसेसर ती नाकारून नियंत्रण सीपीकडे सोपवी. सीपी ते काम आपल्या पद्धतीने उरके आणि जणू काही घडलेच नाही अशा थाटात यंत्र पुढे चालू करी. नकार मोठ्याने मिळणे, ही यातली कळ. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे त्यावरच सारे अडणार आहे.

७/
मॉडेल ४० या यंत्राला पत्ता वळवण्याची खास जोड देऊन त्यांनी सीपी-४० उभे केले. जानेवारी १९६७ मध्ये ते नियमित वापरात आले. कमाल १४ खोटी यंत्रे, प्रत्येकाला २५६ किलोबाइट मेमरी. खऱ्या यंत्राजवळ एकूण मेमरीही २५६ किलोबाइटच! म्हणजे साडेतीन मेगाबाइटचे वचन पाव मेगाबाइटच्या भांडवलावर दिले होते. सगळे जण सगळी मेमरी एकदम मागत नाहीत, या भरवशावर ते निभावले. आजचे सर्व्हर सांभाळणारे याच भरवशावर जगतात आणि कधीकधी याच भरवशाने बुडतात.

८/
त्या काळचे व्यवस्थापन कसे होते ते पाहणे फार रंजक आहे. प्रत्येक यंत्राची नोंद एका ‘डिरेक्टरी’त असे: नाव, पासवर्ड, मेमरी, जोडलेली उपकरणे. खऱ्या डिस्कचा एक काप काढून देत, त्याला ‘मिनिडिस्क’ म्हणत. वापरकर्त्याचे टर्मिनल हेच त्याच्या यंत्राचे कन्सोल. तेथूनच तो यंत्र बंद-सुरू करी. आणि शेजाऱ्याला फाइल पाठवायची तर? आपल्या खोट्या पंच यंत्रावर खोटी कार्डे छिद्रित करायची. ती शेजाऱ्याच्या खोट्या कार्ड-वाचकात जाऊन पडत. कागदाचा कपटाही न हलता कार्डांचा गठ्ठा पोहोचता होई.

९/
तिकडे टीएसएस रखडत होते. इकडे मॉडेल ६७ साठी सीपी-६७ तयार झाले आणि १९६७ मध्येच लिंकन लॅबोरेटरीत चालू लागले. १९६८ मध्ये आयबीएमने ते ग्राहकांना खुले केले, पण कर्मचाऱ्यांनी लिहिलेला हौशी प्रोग्राम म्हणून, अधिकृत जबाबदारी न घेता. त्याच वर्षी नॅशनल सीएसएस आणि इंटरॲक्टिव्ह डेटा कॉर्पोरेशन या कंपन्यांनी सीपी-६७ वर यंत्रे भाड्याने देण्याचा धंदा सुरू केला. ‘क्लाउड’ हा शब्द तेव्हा फक्त आकाशातल्या ढगांसाठी होता.

१०/
२ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७० जाहीर झाले. कल्पनेला अखेर घरात रीतसर जागा मिळाली. मानाचे पान मात्र एमव्हीएस या थोरल्या प्रणालीलाच. गंमत अशी की एमव्हीएस लिहिणारेही आपल्या चाचण्या व्हीएमच्या खोट्या यंत्रांवरच करत. प्रयोगात कोसळले तर खोटेच यंत्र कोसळते, शेजाऱ्यांचे काम चालू राहते. पुढे व्हीएमच्या मंडळींना एमव्हीएसच्या कामासाठी दुसऱ्या गावी हलवायचे ठरले, तेव्हा अनेकांनी नकार दिला आणि ते डिजिटल इक्विपमेंट कंपनीत गेले.

११/
१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या साऱ्यामागचा नियम काटेकोरपणे मांडला. थोडक्यात: यंत्राची खरी स्थिती उघड करणारी किंवा बदलणारी प्रत्येक आज्ञा विशेषाधिकाराची असावी, म्हणजे नियंत्रकाला तिची खबर लागेल. इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरांनी हा नियम पाळला नाही. त्यांची ‘पॉपएफ’ ही आज्ञा घ्या. सामान्य अधिकारातील प्रोग्रामने तिच्याद्वारे इंटरप्ट बंद करू पाहिले, तर प्रोसेसर नाकारत नाही, ओरडतही नाही. तेवढा भाग गुपचूप गिळून टाकतो. नियंत्रक अंधारात! २००० सालच्या एका अभ्यासात पेंटियममध्ये अशा १७ आज्ञा आढळल्या.

१२/
आणि जग तर याच प्रोसेसरांनी भरले. १९९०च्या दशकअखेरीस मेलसाठी एक सर्व्हर, हिशेबासाठी दुसरा, अशी यंत्रे वाढत गेली; बरीचशी बहुतांश वेळ रिकामी. स्टॅनफर्डमध्ये मेंडेल रोझेनब्लम, एडवर्ड ब्यून्यों आणि स्कॉट डिव्हाइन यांनी १९९७ मध्ये ‘डिस्को’ हा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी डायेन ग्रीन आणि एलन वँग यांच्यासह त्यांनी व्हीएमवेअर काढली. गप्प बसणाऱ्या आज्ञांवर त्यांचा उपाय असा: ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातील आज्ञा चालण्याआधीच वाचायच्या आणि अडचणीच्या तेवढ्या बदलून टाकायच्या. व्हर्च्युअल मशीनच्या शोधाचे श्रेय व्हीएमवेअरला देणे चूक आहे. पण या अवघड प्रोसेसरवर ते वेगाने चालवून दाखवणे हे लहान काम नव्हते.

१३/
सर्व्हरसाठीची त्यांची ईएसएक्स प्रणाली २००१ मध्ये आली आणि १९६७चा जुना प्रश्न पुन्हा उभा ठाकला: वचन जास्त, मेमरी कमी. कोणाकडून काढून घ्यायची? आतल्या प्रणालीला कोणता भाग नको आहे, हे बाहेरच्या नियंत्रकाला कळत नाही. २००२ मध्ये कार्ल वाल्डस्पर्गर यांनी ‘फुग्या’ची युक्ती प्रसिद्ध केली. आत एक छोटा प्रोग्राम बसवायचा. टंचाई आली की तो फुगतो, म्हणजे मेमरी मागत सुटतो. आतली प्रणाली आपल्या कमी गरजेचे भाग स्वतःच रिकामे करते, आणि फुग्याने अडवलेली जागा नियंत्रक दुसऱ्याला देतो.

१४/
यानंतर वेग वाढला. २००३ मध्ये दुसऱ्या केंब्रिजमधून, इंग्लंडमधल्या, झेन आले. ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉनने त्याच्याच पायावर यंत्रे तासाच्या भाड्याने द्यायला आरंभ केला. २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच आवश्यक सोय केली. जे सिस्टीम/३६० ला १९६४ मध्ये जमत होते त्यासाठी एक्स८६ ला चार दशके लागली. त्या सोयीवर आवी किविती यांनी लिहिलेले केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत दाखल झाले. आज लिनक्स सर्व्हरवर उभी राहणारी यंत्रे बहुधा त्याच्याच आधाराने चालतात.

१५/
केंब्रिजची मूळ वंशवेल खुंटलेली नाही. आयबीएमच्या मेनफ्रेमवर झेड/व्हीएम आजही चालते, त्यात सीपी आहे, सीएमएस आहे आणि डिरेक्टरीही. तिथे नवे यंत्र उभे करताना नोंदीत आजही २५४० आणि १४०३ हे आकडे लिहिले जातात. पहिला कार्ड-वाचकाचा, दुसरा प्रिंटरचा. हा प्रिंटर १९५९ साली बाजारात आला होता.