शाश्वत मासिक पाळी : शालेय शिक्षण

आरोग्याला, पर्यावरणाला आणि घरखर्चाला झेपतील अशी पाळीची साधने निवडणे, ती स्वच्छ वापरणे आणि त्यांची नीट विल्हेवाट लावणे यांची समज विद्यार्थ्यांना देणारे शिक्षण. शरीराची ओळख, साधनांची तुलना, कचऱ्याचा विचार आणि विटाळाच्या कल्पनेची चिकित्सा ही त्याची प्रमुख अंगे होत.

पार्श्वभूमी : भारतात सुरुवातीला भर होता तो मुलींपर्यंत पॅड पोहोचवण्यावर. केंद्र सरकारने २०११ मध्ये ग्रामीण किशोरींसाठी योजना आणली. तीत आशा सेविकांमार्फत सहा पॅडचे पाकीट ६ रुपयांना मिळू लागले. महाराष्ट्रात ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजना सुरू झाली. जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅड ५ रुपयांत देणाऱ्या या योजनेचे वितरण महिला बचत गटांकडे होते. त्याच वर्षी पॅडवरील १२ टक्के जीएसटी रद्द झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, पाळीत स्वच्छ साधने वापरणाऱ्या १५ ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते तीन-चतुर्थांशाच्या वर गेले. ही प्रगती मोलाची आहे. मात्र वापरलेल्या पॅडचे पुढे काय, हा प्रश्नही तिच्याबरोबरच वाढला.

साधनांची ओळख : वर्गात पॅड कात्रीने उघडून दाखवणे हा प्रभावी पाठ ठरतो. वरचा पातळ प्लास्टिकचा थर, मधला लगदा, त्यातले पाणी पडताच फुगून जेलीसारखे होणारे कण आणि खालचा प्लास्टिकचा पापुद्रा मुलांना प्रत्यक्ष दिसतो. पाळीचे पाच दिवस आणि दिवसाला चार पॅड धरले, तर एका मुलीचे वर्षाला २४० पॅड होतात. हे गणित मुले स्वतः मांडू शकतात. त्याशेजारी कापडी पॅड आणि योनीत बसवायचा सिलिकॉनचा कप ठेवला की तुलना सोपी होते. कापडी पॅड आधी थंड पाण्यात भिजवून, मग साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवायचा असतो. कप पाळी संपल्यावर उकळून ठेवतात. चांगली निगा राखल्यास तो काही वर्षे टिकतो. पुन्हा वापरायच्या पॅडसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२१ मध्ये मानकही ठरवले.

प्रयोग : तमिळनाडूतील ऑरोव्हिलची ‘इको फेम’ ही संस्था शाळकरी मुलींना कापडी पॅड आणि त्यासोबत पाळीचे शिक्षण देते. केरळात आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये ‘तिंकल’ प्रकल्पातून ५,००० कप वाटले. पुढे २०२२ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातील कुंबळंगी गाव पॅडमुक्त घोषित झाले. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ‘रेड डॉट’ मोहिमेत, वापरलेला पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असे आवाहन केले. ठिपका पाहून कचरा वेचणाऱ्या बाईला पुडी उघडावी लागत नाही. ‘आपला पॅड शेवटी कोणाच्या हातात जातो?’ हा प्रश्न मुलामुलींपुढे ठेवण्यासाठी याहून बोलके उदाहरण सापडणे अवघड आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर अशा पुड्यांसाठी पिशवी देण्याचे बंधन घातले होते.

अडथळे : कापड उन्हात पूर्ण वाळणे आवश्यक असते. अनेक घरांत मात्र ते पलंगाखाली किंवा दुसऱ्या कपड्यांखाली लपवून दमट जागी वाळवले जाते, आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. लाज आणि पर्यावरण यांची गाठ इथे पडते : जी वस्तू दिसू द्यायची नाही, ती शाश्वत वापरता येत नाही. कपाबाबत कौमार्याविषयीच्या गैरसमजुती आड येतात. त्यामुळे हे शिक्षण केवळ मुलींना बाजूला बोलावून देणे अपुरे आहे. दोरीवर वाळणाऱ्या कपड्याला हसायचे नाही, हे मुलग्यांनी शिकावे. आई, आजी आणि शिक्षकांनाही या चर्चेत घ्यावे लागते.

मर्यादा : शाळेच्या शौचालयाला पाणी, आतून कडी आणि झाकणाची कचरापेटी नसेल, तर कापडी पॅड किंवा कप वापरा असे सांगणे अन्यायाचे आहे. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या गावात किंवा वसतिगृहात वापरून टाकायचा पॅडच काही मुलींसाठी सुरक्षित ठरतो. पर्यावरण राखण्याचा भार एकट्या मुलीवर टाकता येत नाही. सोयी पुरवण्याची जबाबदारी शाळेची व शासनाची, आणि माहिती मिळाल्यावर साधन निवडण्याचा हक्क मुलीचा आहे.